वाघ कोणता?

सौंसरनजीक जामसांवळीस पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनास जाणारा नागपूरकर भाविक राज्याची सीमा ओलांडतो, भाषेची ओलांडीत नाही. 1956 साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. 2023 साली त्यातूनच सौंसरसह पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. वाघास या रेषा ठाऊक नाहीत. 2018 साली ब्रह्मपुरीच्या रानातून निघालेल्या एका तरुण वाघाने ऑक्टोबरात अमरावती जिल्ह्यात दोन माणसे मारली आणि उत्तरेस चालत तो पांढुर्ण्याशेजारच्या बैतुल जिल्ह्यात सारणीस पोहोचला. तेथे तो पकडला गेला व अखेर भोपाळच्या वनविहारात बंदिस्त झाला.

आपल्याकडे वाघ हा केवळ श्वापद नव्हे. सह्याद्रीत वाघोबा, गोमंतकात वाघ्रो, सातपुड्यातील गोंड-कोरकूंचा वाघदेव ही सारी भयापोटीच उपजलेली, पण भयाच्या पलीकडे गेलेली श्रद्धा आहे. ज्यास शेंदूर लावावयाचा त्यासच ठार मारण्याचा प्रसंग आला, तर निदान अपराधी तोच आहे एवढे तरी निश्चित असावे!

पूर्वी हे निश्चित होई कसे? पंजाच्या ठशावरून, आणि पुष्कळदा जनावर पडल्यानंतरच. 1907 साली कॉर्बेटने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे सुळे मोडलेले निघाले. 1926 साली रुद्रप्रयागच्या बिबळ्याच्या मागच्या पंजावर गोळीची जुनी खूण सापडली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र वाघास मारण्यापूर्वी मुख्य वन्यजीव संरक्षकाची लेखी आज्ञा आवश्यक केली; साहजिकच ओळखही आधीच पटविणे भाग पडले.

1984 साली इंग्लंडात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची रीत शोधली. हैदराबादेच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राने ती वन्यप्राण्यांच्या कामीही आणली. दंशाच्या जखमेत जनावराची लाळ राहते. तीतील डीएनएवरून प्रथम जात कळते, मग लिंग, आणि नमुना चांगला असल्यास नेमके जनावर. रानातील विष्ठेशी वा केसांशी तो ताडून पाहावयाचा असतो. अडचणी मात्र थोड्या नाहीत. जखमेत माणसाचेच रक्त अधिक. ऊन, पाऊस व कुजण्याने लाळेतील डीएनए नष्ट होतो. शिवाय प्रेत खाणारा तोच मारणारा, असेही म्हणवत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील टी-1, अर्थात अवनी, या वाघिणीच्या प्रकरणी हेच सारे पुढे आले. राळेगाव-पांढरकवड्याच्या टापूत सुमारे दोन वर्षांत तेरा बळींचा ठपका तिजवर होता. जखमांतील नमुने तपासले गेले, परंतु तेराही मृत्यूंविषयी असा पुरावा हाती आला नाही. वन्यजीवप्रेमींचा आक्षेप तोच होता. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांस तो निष्ठुर वाटावा, हेही स्वाभाविकच. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला, आणि 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीनजीक ती गोळीस बळी पडली. मागे दोन बछडे राहिले.

एक गोष्ट मात्र प्रयोगशाळेच्या हाती नसते. प्रेत सापडताच आप्तांस ते घरी न्यावे, स्नान घालावे असे वाटते. जखम धुतली की लाळ गेली. म्हणून कापसाचा बोळा जखमेच्या कडांवर फिरवून, सावलीत वाळवून, कागदी पाकिटात ठेवावयाचे ते काम त्या स्नानापूर्वी, आक्रोश चालू असतानाच, वनरक्षकास उरकावे लागते.