दगडी लोकरीचा पाऊस

हेल्मेटचा पट्टा आवळा. तुम्ही 1980च्या दशकातल्या टोकियोत उतरलात, तेही ऐन उन्हाळ्यात. सकाळचे आठ वाजतायत आणि शर्ट आत्ताच पाठीला चिकटलाय. कर्ण्यावर पियानो सुरू झाला: रेडिओवरची कवायत! सगळ्या कामगारांबरोबर हात वर करा, आता वाका. लाजू नका, इथे मुकादमही वाकतो. मागून ट्रक रिव्हर्स येतोय आणि शिट्टीवाला ‘ओराई, ओराई’ ओरडतोय. म्हणजे आपलं ‘येऊ द्या, येऊ द्या’.

चला, सातव्या मजल्यावर. भिंती अजून नाहीत, नुसता पोलादी सांगाडा, तोही ताडपत्रीत गुंडाळलेला. वाऱ्याची झुळूक नाही. आगीत पोलाद मऊ पडू नये म्हणून तुळयांवर दगडी लोकर आणि सिमेंटचं पाणी फवारायचं असतं. मास्क, चष्मा, अंगभर कपडे, हातात जड पाईप आणि मान सतत वर. आत घामाची आंघोळ, बाहेर करड्या लोकरीचा पाऊस. त्यातली चिमूटभर कॉलरमधून आत गेली की दिवसभर खाज. सुरू झाली ना?

बाजूला व्हा, तो आला. शिमिझु कंपनीनं 1983 साली आणलेला रोबो, एसएसआर-1. सिनेमातल्यासारखे डोळे-बिळे काही नाहीत. चाकांचा गाडा, त्यावर लांब हात, हाताच्या टोकाला नोझल. फुस्स करत तुळईच्या कडेनं एका लयीत सरकतो. त्याला कॉलर नाही, त्यामुळे खाजही नाही.

पण त्याच्यामागून कोण चाललंय बघा. गळ्यात टॉवेल, हातात थापी, साठीला टेकलेला कारागीर. ओली लोकर तो हलकेच थापून बसवतो, पिन खुपसून जाडी बघतो. तुळई खांबाला भिडते त्या बेचक्यात रोबोचा हात नीट वळत नाही. तिथे म्हातारा स्वतः पाईप धरतो आणि काम झालं की बोट रोखून खणखणीत म्हणतो, ‘योशी!’ झालं, पक्कं.

बारा वाजले. बार्लीचा थंडगार चहा घशाखाली उतरवा आणि पुठ्ठा अंथरून आडवे व्हा. आजूबाजूला घोरणं सुरू झालंय. डोळा लागण्याआधी एवढं बघून ठेवा: म्हातारा अजून उभा आहे, रोबोचं नोझल धुतोय. आत सिमेंट वाळलं, तर दुपारी मान वर करून फवारायची पाळी त्याचीच.