वृक्षचिकित्सेचा व्यवसाय: कमाई लाकडाची की झाडाची?

१/ लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र नगण्य. नांदेडचे जंगल मुख्यतः किनवट-माहूरकडे. इतरत्र सावली आहे ती गावोगावच्या वड, चिंच, कडुनिंबांची. ही जुनी झाडे जगवण्याचा व्यवसाय येथे आरंभावा का?

२/ शस्त्रक्रियेची कल्पना आपल्याला नवी नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय लिहिला. रोगट भाग आधी शस्त्राने काढावा, मग वावडिंग, तूप व चिखलाचा लेप द्यावा, असे तो सांगतो.

३/ विसाव्या शतकात अमेरिकेतील ॲलेक्स शिगो यांनी असंख्य खोडे चिरून दाखवले की झाडाची जखम भरत नाही. झाड तिला आतून भिंत घालून अलग करते. म्हणून लेपाहून काप कोठे घेतला, हे महत्त्वाचे.

४/ कौशल्याइतकीच संमतीही हवी. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' (सुमारे १७१५) आरमाराला लाकूड हवे असतानाही आंबा-फणसाला हात लावू देत नाही. रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली. जीर्ण झाड घ्यायचेच, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन. आज नागरी भागात १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

५/ खरा पेच मोबदल्याचा. लाकडावर कमावणाऱ्याचा नफा तोडण्यात असतो. चिकित्सकाने लाकडावर हक्क न सांगता केवळ श्रमाचे शुल्क घ्यावे. उभ्या झाडासाठी पैसे मोजणारे नांदेड-लातुरात किती, हे आधी पाहावे. करवत नंतर विकत घ्यावी.