यॉर्कशायर टेरियर

यॉर्कशायर टेरियर ही कुत्र्याची लहान चणीची जात असून तिचा उगम एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर या काउंटीत झाला. रेशमी केसांचा शोभिवंत कुत्रा म्हणून ती आज जगभर परिचित आहे. परंतु मुळात ही कामगारवर्गाने उंदीर मारण्यासाठी पाळलेली जात होय.

नाव

‘टेरियर’ हा शब्द ‘भूमी’ या अर्थाच्या ‘टेरा’ या लॅटिन शब्दावरून फ्रेंच भाषेमार्गे इंग्रजीत आला. बिळात शिरून किंवा जमीन उकरून प्राण्यांना हुसकावणाऱ्या कुत्र्यांना ही संज्ञा लावली जाते.

उगम

औद्योगिक क्रांतीच्या काळात स्कॉटलंडमधील अनेक विणकर कामाच्या शोधात यॉर्कशायर व लँकेशायर येथील गिरण्यांत आले. त्यांनी आपल्याबरोबर लांब केसांचे छोटे टेरियर आणले. स्थानिक कुत्र्यांशी त्यांचा संकर होऊन ही जात आकारास आली. हे कुत्रे पाळणारे कामगार लेखी वंशावळी ठेवत नसत.

मूळ काम

लोकरीच्या व कापडाच्या गिरण्यांत, तसेच कोळशाच्या खाणींत उंदरांचा मोठा उपद्रव असे. यंत्रांमधील अरुंद फटींत शिरू शकणारा चपळ व निर्भय कुत्रा तेथे उपयोगी पडे. त्याला खायला कमी लागे व कामगारांच्या दाटीच्या घरांतही तो सहज सामावे. 1835 च्या कायद्याने बैल व अस्वलांवर कुत्रे सोडण्याच्या खेळांस बंदी आली. त्यानंतर मद्यगृहांतील उंदीर मारण्याच्या शर्यतींस जोर चढला. त्यांत टेरियरवर पैजा लावल्या जात.

हडर्सफील्ड बेन

1865 मध्ये जन्मलेला ‘हडर्सफील्ड बेन’ हा नर या जातीचा मूळपुरुष मानला जातो. ब्रॅडफर्डच्या मेरी अ‍ॅन फॉस्टर या त्याच्या मालकीण होत्या. श्वानप्रदर्शनांत आणि उंदीर मारण्याच्या स्पर्धांत, अशा दोन्ही ठिकाणी त्याने बक्षिसे मिळवली. 1871 मध्ये घोडागाडीखाली सापडून त्याचा मृत्यू झाला. तोवर त्याची बरीच संतती झाली होती.

स्वरूपातील बदल

प्रारंभीचे कुत्रे आजच्यापेक्षा मोठे होते. बेनचे वजन सुमारे 5 किलोग्रॅम होते. प्रदर्शनांत लहान आकार व लांब केस यांना पसंती मिळू लागल्याने निवडक प्रजननाद्वारे आकार घटत गेला. प्रचलित मानकानुसार वजन सुमारे 3.2 किलोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. ब्रिटनच्या केनेल क्लबने 1886 मध्ये या जातीस मान्यता दिली. पुढे ती श्रीमंत घरांतील प्रतिष्ठेची खूण ठरली. जमिनीपर्यंत पोचणारे केस हे प्रदर्शनांचे भूषण असले, तरी गिरणीत वा बिळात वावरणाऱ्या कुत्र्यास ते अडचणीचेच ठरले असते.

दुसरे महायुद्ध

या जातीची उपयुक्तता दुसऱ्या महायुद्धात पुन्हा दिसून आली. न्यू गिनीच्या जंगलात सापडलेली ‘स्मोकी’ ही मादी विल्यम विन या अमेरिकन सैनिकाने सांभाळली होती. फिलिपिन्समधील लिंगायेन येथे धावपट्टीखालील सुमारे 70 फूट लांब व 8 इंच व्यासाच्या नळातून तिने दूरध्वनीची तार पलीकडे नेली. त्यामुळे धावपट्टी खोदावी लागली नाही. अरुंद जागेत निर्भयपणे शिरण्याचा गिरणीतील पूर्वजांचा गुण येथे कामी आला.