विश्लेषण : मॅमोग्राफी मशीन नसलं तरी स्तनाचा कर्करोग वेळेत सापडू शकतो का?

पवन मावळ, नाणे मावळ किंवा आंदर मावळातल्या एखाद्या वाडीवरच्या बाईला मॅमोग्राफी करायची असेल तर आधी एसटीनं कामशेत किंवा वडगाव गाठायचं आणि तिथून पुढे लोकलनं शहराकडे जायचं. त्यात दिवसाची मजुरी बुडते. शिवाय गाठ दुखत नसेल तर 'बघू नंतर' म्हटलं जातं. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, खरी अडचण तिथे आहे.

मग तपासणीच घरापर्यंत नेली तर?

मुंबईत काय करून पाहिलं?

टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या पथकाने 1998 मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक चाचणी सुरू केली. त्यात 35 ते 64 वयोगटातल्या 1 लाख 51 हजार 538 महिला होत्या. निम्म्या महिलांची दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी झाली. ती डॉक्टरांनी नाही, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली. उरलेल्या महिलांना फक्त आरोग्यविषयक माहिती देण्यात आली.

20 वर्षांचे निष्कर्ष 2021 मध्ये 'बीएमजे' या नियतकालिकात आले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचं प्रमाण 37 टक्के होतं, दुसऱ्या गटात 47 टक्के. पन्नाशी पार केलेल्या महिलांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले.

बातम्यांच्या मथळ्यांत हाच आकडा झळकला. पण पन्नाशीच्या आतल्या महिलांमध्ये मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. सर्व वयोगट एकत्र धरले तर घट 15 टक्के होती आणि ती संख्याशास्त्राच्या निकषावर ठाम ठरली नाही.

मग मॅमोग्राफी प्रत्येकीने का करू नये?

तरुण वयात स्तनाच्या ऊती दाट असतात, त्यामुळे चित्र स्पष्ट येत नाही. शिवाय कधीच त्रास न देणारी गाठही सापडते आणि तिच्यावरही उपचार होतात. आई किंवा बहिणीला हा आजार झाला असेल तर गणित बदलतं. अशा महिलांनी तपासणी कधी सुरू करायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 30 ते 65 वयाच्या महिलांची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी व्हायला हवी. म्हणजे आशाताई फॉर्म भरायला दारात येते, ते याच साखळीचं पहिलं टोक. पण मुंबईत तपासणी दर दोन वर्षांनी झाली होती, हा फरक छोटा नाही.

उपचारात काय बदललं?

टाटा मेमोरियलचेच डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली 1600 महिलांवर झालेला एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे भूल देण्याचं नेहमीचं स्वस्त औषध, टोचलं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या महिलांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेलं.

टाळता येतो का?

पूर्णपणे नाही. वजन आटोक्यात ठेवणं, नियमित व्यायाम, दारू टाळणं आणि बाळाला अंगावर पाजणं यांमुळे धोका कमी होतो. स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेवर खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र किंवा त्यातून रक्तासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच दाखवावं. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासणीनंतरच कळतं.