तोगलू गोंबे : चामड्याच्या बाहुलीची कुळकथा

तोगलू गोंबे ही कर्नाटकातील छायानाट्याची चामडी बाहुली. बंगळूरला कर्नाटक चित्रकला परिषदेच्या संग्रहालयात ती चित्राप्रमाणे मांडलेली दिसते. तिचे जन्मदाते मात्र गावोगाव फिरणारे किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात जमातीचे लोक. त्यांची घरातली बोली मराठी वळणाची आहे आणि आपले मूळ महाराष्ट्रात असल्याचे ते परंपरेने सांगतात. कोकणात पिंगुळीचे ठाकर आदिवासीही चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात.

शेळीचे कातडे केस काढून, घासून इतके पातळ करतात की दिव्याचा उजेड आरपार जावा. त्यावर काळ्या रेषेने आकृती काढून लाल, हिरवे, निळे रंग भरतात. दागिन्यांच्या आणि वस्त्रांच्या नक्षीसाठी बारीक भोके पाडतात. पांढऱ्या पडद्यामागे, दिव्यापुढे बाहुली धरली की रंगीत आकृती उमटते आणि भोकांमधून दागिने चमकू लागतात.

आंध्रातील बाहुल्या पुरुषभर उंच आणि हातापायांना सांधे असलेल्या असतात. कर्नाटकात कित्येकदा एकाच कातड्यात रथ, घोडे, सारथी, योद्धा असा पुरा प्रसंग बसवतात. या बाहुलीचे खरे वैभव या रचनेत आहे. पडद्याशिवायही ती संपूर्ण चित्र म्हणून उभी राहते. लेपाक्षीच्या सोळाव्या शतकातील भित्तिचित्रांशी तिच्या रेषेचे नाते जाणवते. खेळ रामायण-महाभारताचा, त्यात जमातीच्याच नावाचा किळ्ळेक्यात हा विदूषक आणि त्याची बायको बंगारक्का गावच्या भाषेत बोलतात. पाऊस लांबला की गावे मुद्दाम हा खेळ लावत.

बंगळूरला या बाहुल्या पोहोचल्या त्या चित्रकार एम. एस. नंजुंड राव यांच्यामुळे. 1960 मध्ये स्थापन झालेल्या चित्रकला परिषदेसाठी त्यांनी त्या जमवल्या आणि त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्यामुळे शहरातील कलाविद्यार्थ्यांना हा वारसा जवळून पाहता आला. पुढे बळ्ळारीचे बाहुलीकार बेळगल्लू वीरण्णा यांनी स्वातंत्र्यलढा आणि गांधीजी या खेळाच्या पडद्यावर आणले.

वारसा शहरात आणण्याची दुसरीही एक तऱ्हा आहे. अमेरिकेत सॅन दिएगो येथे 1970 नंतर चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या, चित्रकारांनी पुलाच्या खांबांवर ॲझ्टेक प्रतिमा रंगवल्या. तिथे आपल्या पूर्वजांच्या प्रतिमा शहरात वारसांनी स्वतः मांडल्या. बंगळूरच्या संग्रहालयात मात्र बाहुली आली, पण खेळिये बाहेरच राहिले, ही उणीव मोठी आहे. त्यांचा सन्मान उशिरा झाला: पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये, तर कोप्पळ जिल्ह्यातील भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना वयाची नव्वदी उलटल्यावर, 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.