इंगळे, प्रियंका

भारतीय खो-खोपटू. खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात (२०२५) विजेत्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार. मूळ गाव बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील कळंबअंबा; खेळाची जडणघडण पुणे–पिंपरी-चिंचवड परिसरात झाली. शालेय वयातच त्यांनी मैदान गाठले. राष्ट्रीय स्पर्धांतील कामगिरीबद्दल त्यांना किशोरी गटातील 'इला' व महिला गटातील 'राणी लक्ष्मीबाई' हे पुरस्कार मिळाले. आसाममधील तामुलपूर येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही त्या होत्या.

विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात भरला. सामन्यात सात-सात मिनिटांचे चार डाव, दोन डाव आक्रमणाचे व दोन संरक्षणाचे, असे स्वरूप होते. सुमित भाटिया यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने सलामीला दक्षिण कोरियाला १७५–१८, उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशाला १०९–१६ आणि उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला ६६–१६ असे हरवले. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात पहिल्याच डावात ३४ गुण घेऊन भारताने नेपाळवर ७८–४० असा विजय मिळवला. अश्विनी शिंदे, रेश्मा राठोड व वैष्णवी पोवार याही या संघात होत्या.

विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियमबद्ध रूप दिले. त्याच परिसरात घडलेल्या खेळाडूने पहिला महिला विश्वचषक स्वीकारला, ही महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासातील अभिमानास्पद घटना होय.