कूलर : वऱ्हाडातील पाणी व निगा

पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करणारे घरगुती यंत्र. तीन बाजूंना ओल्या ताट्या, तळाशी पाण्याची टाकी, टाकीत बुडवलेला छोटा पंप आणि बाहेरची हवा ताट्यांतून ओढणारा पंखा, एवढेच त्याचे भाग. अकोला-अमरावतीकडे गुढीपाडव्याच्या सुमारास कूलर माळ्यावरून किंवा गच्चीवरून खाली उतरतो आणि मृग बरसेपर्यंत खिडकीला लागून राहतो. वीज नव्हती तेव्हा दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या टांगून त्यांवर पाणी शिंपडत. कूलर तेच काम पंपाने आणि पंख्याने करतो.

वऱ्हाडात तो उपयोगी पडतो, कारण येथला उन्हाळा कडक असला तरी कोरडा आहे. हवेचे तापमान ४४ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता १५ टक्के असताना बाष्पीभवनाने हवा फार तर २३ अंशांच्या आसपास उतरू शकते. चांगल्या ताट्यांचा कूलर यांतले पाऊण अंतर कापतो, म्हणजे २८-२९ अंशांची हवा देतो. एक लिटर पाणी उडताना सुमारे २,४०० किलोजूल उष्णता शोषून घेते. मोठा कूलर भर दुपारी तासाला १५ ते २० लिटर पाणी सहज संपवतो. वाफ झालेले पाणी शुद्ध असते. त्यातला क्षार मागे टाकीत उरतो. कूलरची बहुतेक दुखणी या उरलेल्या क्षारातून निघतात.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांतील अनेक गावांत विहिरी आणि बोअरचे पाणी पिण्याजोगे नाही. पिण्यासाठी धरणांतून नळयोजना आल्या : अकोला शहराला काटेपूर्णा, अमरावतीला अप्पर वर्धा, तेल्हारा-अकोट भागाला वान प्रकल्प. मात्र नळाचे पाणी जपून वापरायचे असते, त्यामुळे कूलरच्या वाट्याला बहुधा बोअरचेच पाणी येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात. लिटरला १,००० मिलिग्रॅम क्षार असलेले १०० लिटर पाणी टाकीत भरले, तर टाकीत १०० ग्रॅम क्षार येतो. टाकी न उपसता वरून आणखी ४०० लिटर भरत गेले आणि तेवढेच उडून गेले, तर त्याच १०० लिटरांत अर्धा किलो क्षार साठतो. मे महिन्यात यासाठी दोन-तीन दिवस पुरतात.

हा साठा थांबवण्याचा उपाय एकच : थोडे पाणी नेमाने काढून टाकणे. जेवढे पाणी उडते त्याच्या निम्मे काढले, तर क्षार मूळच्या तिपटीवर थांबतो. चौथा हिस्सा काढला, तर पाचपटीवर. टंचाईच्या दिवसांत पाणी ओतून देणे जिवावर येते आणि ते स्वाभाविकच आहे. पण ते वाया जात नाही : फरशी-अंगण धुवायला, संडासात टाकायला ते चालते. झाडांना मात्र घालू नये. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी कूलरला वापरणे काटकसरीचे वाटते. पण ते मुळातच जास्त खारट असल्याने ताट्या त्याने लवकर बसतात.

ताटी वाळ्याची, लाकडी गवताची किंवा जाळीदार कागदी पॅडची असते. वाळ्याला सुवास असतो, गवत स्वस्त पडते, पॅड अनेक हंगाम टिकते. तिन्हींवर पांढरा थर चढतो. पण सगळा थर एकाच जातीचा नसतो. पूर्णाकाठच्या पाण्यात सोडियमचे क्षार भरपूर असतात. ते साध्या पाण्याच्या धारेखाली विरघळून जातात. कॅल्शियमचा थर पाण्याने हलत नाही. त्याला लिंबाच्या सत्त्वाचे पाणी किंवा पातळ व्हिनेगर लावून अर्धा तास थांबावे लागते. म्हणून आधी नुसत्या पाण्याने धुऊन पाहावे आणि उरेल तिथेच आम्ल वापरावे. गवताची ताटी खाली घसरून वर फट पडली असेल, तर गरम हवा तिथूनच आत शिरते. अशी ताटी धुण्यापेक्षा बदललेली बरी.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी झाली पाहिजे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्याजवळ अंडी घालतो, आणि उन्हाळ्यातील उबेत अंड्यापासून डास तयार व्हायला सात ते दहा दिवस लागतात. अंडी पाण्यात नसतात. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर पत्र्यावर ती काळ्या बारीक ठिपक्यांसारखी एकेक चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. टाकी नुसती उपसली तर ती तशीच राहतात आणि पुन्हा पाणी भरताच फुटतात. त्यामुळे खरा भर पाणी बदलण्यापेक्षा ती रेषा ब्रशने खरवडण्यावर हवा.

पाण्याला वास येऊ लागला किंवा पत्रा बुळबुळीत लागला, तर तो जिवाणूंचा थर समजावा. १० लिटर पाण्यात सपाट चमचाभर ताजी ब्लिचिंग पावडर मिसळून त्या पाण्याने टाकी घासावी, अर्ध्या तासाने दोनदा खळखळून धुवावी. ब्लिचिंगचे पाणी टाकीत ठेवून कूलर चालवू नये : पत्रा गंजतो आणि क्लोरीनचा वास घरभर होतो. ब्लिचिंग आणि आम्ल एकत्र आणणे तर धोक्याचेच, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. चालू कूलरचे पाणी बाष्पीभवनाने गार राहते. त्यामुळे कोमट पाण्यात वाढणाऱ्या लेजिओनेला जिवाणूला फारसा वाव मिळत नाही. पण पाणी भरलेला कूलर बंद अवस्थेत उन्हात राहिला, तर ही सवलत संपते.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात. लोखंडी पत्रा, ओली जमीन, वेष्टण उडालेली पंपाची वायर आणि अर्थिंग नसलेला प्लग हे सगळे एकत्र आले की टाकीत घातलेला हात जिवावर बेततो. पाणी भरताना आणि टाकी घासताना बटण बंद करणे पुरेसे नाही; प्लग काढूनच ठेवावा. तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि घराच्या मुख्य फलकावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी यांवर केलेला खर्च नव्या ताट्यांच्या आधी करावा. लहान मुलांना कूलरला पाणी घालायला लावण्याची सवय बंदच व्हायला हवी.

पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि कूलर चिकचिक वाढवतो. तेव्हा टाकी रिकामी करून घासावी, पंप साध्या पाण्यात काही मिनिटे चालवून त्यातला क्षार काढावा, ताट्या उन्हात पूर्ण वाळवाव्यात. पत्र्यावरचा गंज खरवडून आतून डांबरी रंगाचा हात द्यावा, पंख्याच्या बेअरिंगला तेल सोडावे आणि टाकीत पावसाचे पाणी साचणार नाही अशा ठिकाणी कूलर झाकून ठेवावा.